दोन पट्ट्यांच्या मधलं गाणं

प्रिय खुळखुळ्या,

साठीला टेकलेल्या माणसाला ही हाक शोभत नाही, हे मला कळतं. पण तुझी बाकीची नावं पोस्टरांवर छापून झाली, ती लोकांची. हे एक घरचं उरलंय, ते मी सोडायची नाही. रांगत होतास तेव्हा हाताला लागेल ते आपटून बघायचास, चमचा म्हणू नको, किल्ल्या म्हणू नको. आई म्हणायची, "याला खुळखुळा कशाला आणायचा, हाच एक खुळखुळा आहे."

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. घशाची शस्त्रक्रिया नीट झाली, आवाज उतरला तो उतरलाच, गाणं आता बंद, अर्धा झालेला रेकॉर्ड तसाच सोडून देतोय, गिटारी वाटून टाकतोय, तुला एखादी हवी का. संपलं. अरे, लाँड्रीत कपडे टाकताना माणसं याहून जास्त बोलतात. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण लगेच लिहिलं असतं तर नुसती ओरडले असते, आणि कागदावर ओरडून काय उपयोग. मग कातरी चालवली, हातातले पडदे पुरे केले, आणि आज बसलेय. पत्र लांबणार आहे. मधेच ठेवून देऊ नकोस, शेवटी काम आहे.

आधी इकडची बातमी. पडद्यांची खोली मी सोडतेय. डोळे चांगले आहेत, पण मखमलीचा तागा उचलायला खांदे नाही म्हणतात. आईनं या खोलीत शिवण सुरू केली, मी पुढं चालवली, पुढं कोणी नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटलेलं नाही. नाच शिकवणारं एक जोडपं घेतंय जागा. दोघं बघायला आली तेव्हा त्यानं टाच आपटून लाकडी जमीन तपासली आणि तिनं सरळ जाऊन पियानोचं झाकण उघडलं. त्यावरचे कापडाचे तुकडे मला उचलायला सुद्धा वेळ दिला नाही. एक पट्टी दाबली आणि तोंड असं केलं, जसा काही खड्यावर दात पडलाय. म्हणाली, "मावशी, हा खाली आहे." म्हटलं, आहेच. "कधीपासून?" म्हटलं, तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून.

ती गेल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते. आणि मग तुझी सगळी कहाणी पहिल्यापासून आठवत गेली, कारण ती सुरू झाली तीच मुळी या 'खाली आहे'पासून. तुला ती माहीत आहे असं तुला वाटतं. पण गाणाऱ्याला त्याचं गाणं आतून ऐकू येतं, बाहेरून कसं ऐकू येतं ते शेजारच्यांना विचारावं. मी तुझी शेजारीण, जन्मापासूनची.

बाबा सभागृहाचे राखणदार होते तेव्हाची गोष्ट. तिथं नवा पियानो आला आणि जुना जळणात जाणार होता. बाबांना लाकडाचं फार. चार माणसं लावून त्यांनी तो या खोलीत चढवला, आणि तो जिन्याच्या वळणावर असा अडकला की वरच्या मजल्यावरची माणसं दिवसभर त्याच्याखालून वाकून ये-जा करत होती. मग सूर लावणारा म्हातारा आला. त्यानं पाठ उघडली, आत डोकं घातलं, आणि बऱ्याच वेळानं बाहेर काढून म्हणाला, "तारा जुन्या आहेत. मूळ जागेवर ताणायला गेलो तर एकेक तुटेल. आजीबाईंची कंबर वाकलीय, आता ताठ करायला जाऊ नका. मी सगळ्या सारख्याच उतरवून लावतो. जगाशी जुळणार नाहीत, पण घरात एकमेकींशी भांडणार नाहीत." म्हणजे झालं असं, की आपला पियानो स्वतःपुरता अगदी सुरात, पण कुठल्याही शहाण्या वाद्याच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसलेला. ही गोष्ट आपल्या घरात बाबा सोडून कोणाला कळली नाही, आणि बाबांनी त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मानलं नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत रेडिओ ऐकून बोटं फिरवायला शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं. रेडिओवर गाणं लागलं की मी ते पियानोवर शोधायची, आणि ते कधीच सापडायचं नाही. एक पट्टी कमी पडायची, शेजारची जास्त व्हायची. आईनं आणि मी मिळून निष्कर्ष काढला की आपला रेडिओ बिघडलाय. दोनदा दुरुस्तीला दिला बिचाऱ्याला! दुरुस्तीवाला म्हणे, यात काही दोष नाही. आई म्हणे, "त्याला कान नाहीत." शेवटी मी रेडिओ बंद करून गाणं डोक्यात धरायची आणि आपल्या पियानोवर उतरवायची. तू माझ्या पायाशी, कापडाच्या ढिगात बसलेला. तुझ्या कानात जगातला पहिला सूर पडला तो हा. पुढं मिसरूड फुटायच्या आधी गिटार आणलीस, ती सुद्धा यावरच लावलीस. लावणार कशावर दुसऱ्या?

मग ढोल्या आला ड्रम घेऊन, आणि मुका आला बास गिटार घेऊन. तुम्हाला कोणी घरात उभं करत नव्हतं, आणि इथं भिंतींना मखमलीचे तागे टेकवलेले, आवाज बाहेर जायचा नाही. आई म्हणाली, "वाजवा, पण कापडाला हात पुसू नका." ढोल्यानं पहिल्याच दिवशी पुसले. तुम्ही तिघं त्या फटीतल्या सुरात इतकी वर्षं वाजवलंत की तुम्हाला ते सरळच वाटायचं. बँडचं नावसुद्धा खोलीवरून, 'जाड पडदा'. आणि तुझं ते पहिलं गाणं, जिन्यावर अडकलेल्या माणसांचं, ते याच खोलीत झालं. मधला भाग जमत नव्हता, तो मी शिलाई यंत्रावरून न उठता गुणगुणले होते. श्रेय मागत नाही, नोंद करतेय.

स्टुडिओतला तो दिवस तुला आठवतो तसा मलाही आठवतो, कारण मी डबे घेऊन आले होते. स्टुडिओवाल्यानं त्यांचा नेहमीचा पियानोवाला बसवला होता. गृहस्थ जाकीट काढून, बाह्या दुमडून तयार. तुम्ही सुरू केलंत, त्यानं दोन सूर लावले आणि हात उचलले. म्हणाला, "तुम्ही नक्की कुठं आहात?" ढोल्या म्हणाला, "इथंच." तो म्हणाला, "तसं नव्हे हो, पट्टी कुठली?" तू ठणकावून सांगितलंस, "आमची बरोबर आहे. तुमचा पियानो चढलाय." त्या माणसाचा चेहरा! चाळीस जणांनी एकाच वेळी त्याच्या आईला नावं ठेवल्यासारखा. शेवटी त्याच्याशिवाय रेकॉर्ड झाला. तो गाजला, आपल्या मानानं बराच गाजला. पुढं पोरं तक्रार करायची की घरी तुमच्या रेकॉर्डबरोबर वाजवताच येत नाही, काही केल्या जुळत नाही. एका वर्तमानपत्रवाल्यानं तर लिहिलं की यात 'जाणीवपूर्वक बंडखोरी' आहे. बाबांनी ते वाचून पहिल्यांदाच म्हाताऱ्याची आणि आजीबाईंची गोष्ट सांगितली. आई तडक उठली आणि रेडिओवरची धूळ पुसली. माफी मागायची तिची तीच पद्धत.

मग तो मोठा बँड तुला न्यायला आला. सगळे शिकलेले, सगळ्यांना नोटेशन वाचता येतं, आणि त्यांच्याकडं सूर दाखवणारं यंत्र होतं. त्यांना फक्त तू हवा होतास, ढोल्या नि मुका नको होते. तू त्या दोघांना इथंच, या कापायच्या टेबलाशी सांगितलंस. मुका काही बोलला नाही, तो तसाही बोलत नाही. ढोल्या म्हणाला, "जा की. आम्ही काय तुझी बायको आहोत?" आणि मग पावाच्या भट्टीत कामाला लागला आणि आज त्याची स्वतःची भट्टी आहे. त्याच्या मनात काही नाही. असतं तर इतका जाड राहिला नसता.

त्या बँडमध्ये तू मोठा झालास, ते सगळ्यांनी पाहिलं. मी तुला नाटकगृहाच्या पडद्याच्या उरलेल्या लाल मखमलीचा कोट शिवला होता, तो तुझी ओळखच झाला. जिन्याचं गाणं तुम्ही पुन्हा रेकॉर्ड केलंत, आता यंत्राच्या हिशेबानं, आणि वर ढकलून. म्हणे चढ्या आवाजाला गर्दी उठते. मग दरवर्षी थोडं थोडं वर. मी एकदा मागं उभी राहून ऐकलं. गर्दी उठत होती, खरं आहे. आणि तुझ्या मानेच्या शिरा माझ्या शिवणदोऱ्यासारख्या ताणलेल्या. मला वाटलं, जाऊन सांगावं की दोरा एवढा ओढला तर कापड गोळा होतं. पण तेव्हा तुझ्याभोवती सांगणारे फार होते, आणि त्यांतल्या कोणालाही शिवण येत नव्हती.

तिथून तू निघालास की काढलं, यावर आपण कधी बोललो नाही. मी वर्तमानपत्रात त्या बँडचा फोटो पाहिला. कोट तोच, आत माणूस दुसरा. बाह्या त्याला आखूड होत होत्या. मनगटं बाहेर. मला तुझ्यासाठी वाईट वाटायच्या आधी शिवणकामाचीच लाज वाटली, हे मात्र सांगून टाकते.

मग तुझा तो पोरांबरोबरचा बँड, तुझ्या निम्म्या वयाची पोरं आणि सगळे आवाज यंत्रातून. मी रेकॉर्ड दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा तुझ्या लेकीनं समजावून सांगितलं तेव्हा ऐकला. समजलं नाही. पण तुला त्यात मजा येत होती हे ऐकू येत होतं, आणि त्याआधीच्या पाच रेकॉर्डांत ते ऐकू आलं नव्हतं. लोकांनी मात्र पाठ फिरवली. तू हसत म्हणालास, "ताई, कानामागून आलं आणि तिखटही झालं नाही." त्यानंतर तू एकटा निघालास. एकटा माणूस, एक गिटार, छोटी सभागृहं. इथल्या कार्यक्रमाला मी आणि ढोल्या आलो होतो. खुर्च्या बऱ्याच मोकळ्या होत्या, तर ढोल्या दोन खुर्च्यांवर बसला, म्हणाला, "तेवढंच भरल्यासारखं दिसेल." तू गाण्यांच्या मधे फार बोललास. पण एकट्याची ती गाणी मला तुझ्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत जास्त आवडली. त्यात तू कोणाला उठवायला बघत नव्हतास. बसलेल्या माणसांसाठी गात होतास.

तेव्हाच आवाज खरखरायला लागला होता. तू म्हणायचास धूळ आहे. मग गाठ निघाली, मग शस्त्रक्रिया, मग तुझं ते चार ओळींचं पत्र. डॉक्टर म्हणाले आवाज आता खालीच राहील, वर जायचा नाही. त्यांनी 'गाऊ नका' असं म्हटलेलं नाही, हे मी तुझ्या लेकीकडून नीट विचारून घेतलंय. 'ओढू नका' म्हटलंय. या दोन्हींत फरक आहे. तू आपला फरक न करता सगळंच बंद केलंस. लहानपणी कंगव्याचा एक दात मोडला तर अख्खा कंगवा खिडकीबाहेर फेकायचास, त्यातलंच हे.

लेकीवर रागावू नकोस, पण तिनं एक काम केलंय. मागच्या रविवारी तू तिच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतास. ती दाराशी उभी होती. तू पाठमोरा, नळ चालू, आणि तू जिन्याचं गाणं गुणगुणत होतास. मोठ्यानं नाही, भांड्यांपुरतं. तिनं फोनवर ते धरलं आणि मला पाठवलं. खाली लिहिलं होतं, "आत्या, बाबांना माहीत नाही. तू ऐकून बघ, मला रडू येतंय." मी रडले नाही. मी ते तीन वेळा ऐकलं. आवाज खरखरीत आहे, जाड आहे, जुन्या गालिच्यावरून टेबल ओढल्यासारखा. छान म्हणून तुला खोटं सांगणार नाही. पण चौथ्यांदा ऐकताना माझा हात आपोआप पियानोवरचे कापडाचे तुकडे बाजूला सारायला लागला.

मी फोन पियानोवर उभा ठेवला, झाकण उघडलं, आणि तू जिथं सुरू करतोस तिथून एकेका सुरावर बोट ठेवत गेले. खुळखुळ्या, जुळलं. अर्धं नाही, जवळपास नाही, काठाला काठ लावून शिवण घालावी तसं जुळलं. ज्या पियानोशी आयुष्यात एकही रेडिओ जुळला नाही, तुझा मोठ्या बँडचा एकही रेकॉर्ड जुळला नाही, त्याच्याशी तुझं भांडी घासतानाचं गाणं जुळलं. माझा विश्वास बसेना म्हणून ढोल्याला बोलावलं. तो भट्टीतून पिठाच्या हातानं आला, ऐकलं, टेबलावर दोन बोटांनी ताल धरला, आणि गाणं संपल्यावर म्हणाला, "याला घरचा पत्ता अजून पाठ आहे तर." आणि मखमलीला हात पुसले. इतक्या वर्षांनी पुन्हा! मी मुक्याला फोन लावला आणि ऐकवलं. पलीकडून नेहमीसारखा नुसता श्वास. मग म्हणाला, "कधी?" एवढं लांब वाक्य मी त्याच्याकडून प्रथमच ऐकलं.

तर काम असं आहे. नाचाच्या बाईंना पियानो हवाय, पण सरळ करून. त्यांचा माणूस येणार, जुन्या तारा सगळ्या काढणार, नव्या घालणार, आणि आजीबाई जगाशी जुळायला लागणार. ते व्हायला हवं, नाचणाऱ्या पोरींना खरा सूर मिळाला पाहिजे, त्यांचे रेडिओ तरी दुरुस्तीला जायला नकोत. पण मी बाईंना सांगितलंय की आधी माझ्या भावाचं काम उरकू दे, मग तारा काढा. त्या म्हणाल्या, किती वेळ लागेल? म्हटलं, तो किती हट्टी आहे त्यावर. हा पियानो जिन्यावरून खाली उतरायचा नाही, आणि या सुरात तो पुन्हा कधी लागायचाही नाही. तुझा अर्धा राहिलेला रेकॉर्ड इथं पुरा कर. रेकॉर्ड करणारा माणूस तुझा तू आण. मखमलीचे तागे मी मुद्दाम विकले नाहीत, ते भिंतीला तसेच टेकवून ठेवलेत. ढोल्या तारांच्या ब्रशनं ड्रम वाजवणार आहे, काठ्या त्याच्या खांद्याला आता झेपत नाहीत, आणि मुका शनिवारी येतोय. पियानो मी वाजवीन, कारण या पियानोवर दुसऱ्या कोणाला वाजवता येत नाही, यात माझी हुशारी नाही. वर जायचं नाही, ओढायचं नाही, कोणाला उठवायचं नाही. जिथं तुझा आवाज येऊन बसलाय तिथंच आम्ही तिघं बसलेलो आहोत. गिटार मला नको. ती घेऊन ये, आणि इथं आल्यावरच लाव.

अजून त्याच सुरात असलेली, तुझीच
ताई